पाथरीच्या गोतातली पाहुणी

रॅडिकिओ दिसायला लहान लाल कोबीसारखा असतो. जांभळट लाल पानं, त्यांत पांढऱ्याशुभ्र शिरा, मुठीपेक्षा थोडा मोठा घट्ट गड्डा. पण कोबीशी त्याचं काही नातं नाही. तो चिकोरीचा एक प्रकार. ज्या झाडाचं मूळ भाजून, दळून फिल्टर कॉफीत मिसळतात आणि ज्याचं बी युनानी हकीम कासनी म्हणून देतात, त्याच झाडाची ही पानांसाठी जोपासलेली जात. इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसच्या आसपास, तिची गावोगावची घराणी आहेत. किओज्जाचा गोल गड्डा, त्रेव्हिसोचा लांबट, कास्टेलफ्रांकोचा फिकट पिवळ्या पानांवर लाल शिंतोडे उडालेला. चव कडू, आणि कडू असते म्हणूनच लोक ही भाजी खातात.

हा गड्डा वर्धा जिल्ह्यात लावावा की नाही, यावर सेलू तालुक्यातल्या एका मामा-भाचीचा वाद चालू आहे. मामांची बोर धरणाच्या कालव्याखाली भाजीची वाडी आहे. मेथी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर), वांगी काढून सेलू-वर्ध्याच्या बाजारात नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाची उद्यानविद्या शिकली आणि नागपुरात हॉटेलांना भाजी पुरवणाऱ्या एका ठिकाणी काम करते. तिच्या आईच्या वाट्याचा दीड एकर मामांच्याच वावरात आहे. त्यामुळे बोलण्याचा तिला हक्क आहे आणि तो ती पुरेपूर बजावते. मी मधे चहापुरता होतो. जिथे राहवलं नाही तिथे तोंड घातलं आहे.

मामा : पहिले हे सांग, तुहा गड्डा बारा महिने निघते का?

भाची : इटलीत निघतो. एकाच बियाण्यातून नाही. लवकरच्या जाती, उशिराच्या जाती अशी रांग लावतात. किओज्जाकडे लवकरच्या जातीचे गड्डे एप्रिलपासून जुलैपर्यंत काढतात, उशिराच्या जातीचे सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत. हॉटेलवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. मेनूकार्डावर पदार्थ एकदा छापला की तो बारा महिने देता आला पाहिजे.

मामा : त्यायचा जून म्हणजे आपला कोणता महिना?

भाची : तापमान पाहिलं तर डिसेंबर. तिकडे जूनमध्ये सरासरी एकवीस-बावीस अंश असतं. आपल्याकडे डिसेंबरात जवळपास तेवढंच.

मामा : मंग झालं. त्यायच्या उन्हाळ्यात आपला हिवाळा बसते. आपला उन्हाळा त्यायच्या कोणत्या खान्यात बसवशील?

भाची : त्यासाठी शेडनेट आहे. अर्धं ऊन वरच अडतं. खाली गादीवाफे, ठिबक, वरून फॉगरने तुषार. ढोबळी मिरची लोक नेटमध्ये घेतातच ना?

मामा : घेतात. पण मिरची ऊन मागणारं झाड आहे. अन् नेट ऊन अडवते, रात्र नाही अडवत. मे महिन्यात रात्री बारा वाजता घराच्या भिंतीले हात लाव. वावरातली मातीबी तशीच तापून राहते. तुह्या गड्ड्याले झोप लागंन का तिथी?

रात्रीचा हा मुद्दा मामांनी अनुभवावरून काढला, पण तो शास्त्राला धरून आहे. पानांची भाजी दिवसा कमावते आणि रात्री खर्च करते. रात्र गरम असली की खर्च वाढतो आणि शिल्लक कमी पडते. मेमध्ये वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वर्ध्याचं नाव वरचेवर झळकतं. त्या दिवसांत चिकोरीचा गड्डा बांधला जात नाही. पानं सैल राहतात, कडा करपतात, रंग धरत नाही, कडूपणा जिभेला सोसवेनासा होतो आणि झाड दांड्यावर जातं, म्हणजे फुलोऱ्याला येतं. लाल रंग तर थंडीचाच. गार रात्री मिळाल्या की पानांत अँथोसायनिन भरतं आणि हिरवट गड्डा आठ-पंधरा दिवसांत लालबुंद होतो. उन्हाळ्यात नेटखाली काढलेला रॅडिकिओ म्हणजे महागडा, हिरवा, कडू पाला. तो कोण घेणार?

भाचीला हे ठाऊक होतं. तिने बारमाहीचा हट्ट पहिल्या कपातच सोडला. माझा अंदाज असा की तो तिने मामांना चिडवायलाच धरला होता. तिचा खरा आराखडा वहीत होता आणि तो हिवाळ्याचा होता.

भाची : ऐका. हस्ताचा पाऊस ओसरला की नेटखाली ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी टाकायचं, अगदी वर, जेमतेम झाकेल इतकं. चार आठवड्यांत रोप तयार. स्वातीत गादीवाफ्यावर फूट-फूट अंतरावर लावायचं. पंधरा दिवसांनी दुसरी तुकडी, पुढच्या पंधरवड्यात तिसरी. गोल जातीला लागणीपासून साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत आपल्याकडे माल राहील.

मामा : अन् थंडीच पडली नाही तर? मागं डिसेंबरात पंखे लावून झोपलो होतो आम्ही.

भाची : तर रंग फिका येईल, गड्डा येईल. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. हे झाड दिवस लांबले की दांड्यावर जातं. इटलीत मार्च संपला की दिवस भराभर लांबतात, जूनमध्ये साडेपंधरा तासांवर जातात. वर्ध्याचा सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आत संपतो. आणि आपल्या हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवस बारा तासांच्या आतच असतो. तिकडच्या शेतकऱ्याला वसंतात जी धास्ती असते ती आपल्याला हिवाळ्यात नाही.

मामा : हे बरं सांगितलं. दिवस लहान असला का मेथीबी लवकर फुलावर येत नाही.

भाची : तेच.

मामा : पण मंग ते पाण्यातले गड्डे? मांगच्या बारीले तू मोबाइलवर दाखवले होते. हौदात उभे केलेले.

हा प्रकार वाचकांना सांगण्याजोगा आहे. त्रेव्हिसोचा उशिराचा लांबट रॅडिकिओ शेतातून थेट बाजारात जात नाही. निदान दोन वेळा हिमकडाका खाल्ल्यावर, नोव्हेंबरात किंवा त्यानंतर, तो मुळासकट उपटतात. मग जुड्या बांधून अंधाऱ्या जागी वाहत्या झऱ्याच्या पाण्यात मुळं बुडवून पंधरवडाभर उभा ठेवतात. ते पाणी बाराएक अंशांचं असतं. बाहेर बर्फ असताना त्या मानाने ते उबदारच, म्हणून मुळाला वाटतं वसंत आला आणि झाड आतून नवी पालवी सोडतं. अंधार असल्यामुळे ती हिरवी होत नाही; शिरा पांढऱ्या, पातं गर्द लाल आणि चव सौम्य होते. बाहेरची कुजकी पानं सोलून टाकतात आणि आतला गाभा विकतात. बेल्जियमच्या एका बागाईतदाराने, फान डेन बोरेने, १८६०च्या सुमारास ही युक्ती तिथे नेली असं मानतात. १९९६ साली या भाजीला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या वायगावच्या हळदीला ते २०१६ साली मिळालं, तशातलंच.

मामा : आपल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात सकाळी कोमट राहते. वाफ निघते त्यातून. बारा अंश कुठून आणशील?

भाची : नाही आणणार. चिलर लावून पाणी थंड करायचं तर विजेचं बिल गड्ड्यापेक्षा मोठं होईल. त्रेव्हिसोचा नाद नकोच. गोल किओज्जा आणि जमलं तर कास्टेलफ्रांको.

मामा : अन् वीज तरी दिवसा कुठी राहते? ठिबकाची पाळी रात्रीच येते. रातच्याले वावरात रोही, रानडुकरं. बोरचं जंगल काही दूर नाही.

भाची : रोही कडू खाणार नाही.

मामा : रोह्याले तू विचारून आली का?

हसण्याचा भाग सोडला तरी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, प्रश्न खरा आहे. बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं आणि सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याला रात्रीचं ओलित पूर्वीपेक्षा जास्त जड जाऊ लागलं. मामांचा उपाय जुना आहे. वावराच्या धुऱ्याला करडईच्या दोन-चार ओळी पेरायच्या. कोवळी असताना खुडून भाजी करायची, मोठी झाली की काटे धरते आणि ढोरं आत शिरायला कचरतात. रानडुकराला करडईची भीती वाटत नाही, हे मामाही कबूल करतात. पण करडई पेरायचा मुद्दा त्यांनी रोह्यासाठी काढला नव्हताच. त्यांना पाल्याकडे यायचं होतं.

मामा : तू दोन महिन्यांसाठी एवढी धडपड करून राहिली. मी तुले बारा महिने पाला काढून दाखवतो. बियाणं घरचं. काही तर पेरायचंबी काम नाही.

भाची : दाखवा.

मामा : मृगाचा पाऊस पडला का आठ दिवसांत धुऱ्यावर तरोटा वर येते. कोवळा आहे तवरच खुडायचा, दोन हप्ते. मंग तो जून होते. त्याच्या मागून कुंजरू, केना, घोळ. तवर पऱ्हाटीत टोकलेली अंबाडी वीतभर होते. अंबाडीचे शेंडे खुडत राहिलं का पोळ्यापर्यंत भाजी. पाऊस उघडला का हादग्याले फुलं येतात. दिवाळीपासून मेथी, पालक, सांभार, मुळ्याचा पाला, करडई. संक्रांतीच्या आधी हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. त्यानं हरभऱ्याले फांद्याबी जास्त फुटतात. पाला जास्त झाला तर वाळवून ठेवायचा, उन्हाळ्यात कामी येते. होळीच्या मागून चिवळ. ऊन जेवढं कडक तेवढी ती पसरते. चवळाई, माठ, शेवग्याचा पाला हे ओल असली तर कधीबी. सांग, कोणता महिना उपाशी ठेवला?

भाची : कोणताच नाही. पण मामा, यातल्या किती भाज्या तुम्ही बाजारात विकता?

मामा : मेथी, पालक, सांभार. अंबाडी थोडी. चिवळ आली तर हातोहात जाते.

भाची : तरोटा?

मामा : तरोटा कोण विकते? पण आता मावश्या टोपल्यात घेऊन बसतात वर्ध्याले. लोकं घेतात, ते खरं आहे.

भाची : आणि मेथीची जुडी जानेवारीत काय भावाने जाते?

मामांनी उत्तर दिलं नाही. जानेवारीत मेथीचा भाव काय होतो हे पालेभाजी लावणाऱ्या कुणालाही विचारावं. सगळ्यांची मेथी एकाच वेळी येते, आणि कधी कधी ती बाजारात नेण्याऐवजी बैलापुढे टाकणं परवडतं. मामांची साखळी पोटासाठी पक्की आहे, पण खिशाचा प्रश्न ती सोडवत नाही. भाचीचं सगळं गणित या एका फटीवर उभं आहे: ज्या दोन महिन्यांत मामांचा माल सर्वांत स्वस्त होतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत रॅडिकिओ तयार होतो.

मामा : महाग आहे म्हणून लावायचं, हे आपण आधीबी केलं. अमेरिकेत यादवी झाली अन् मँचेस्टरच्या गिरण्या हिंगणघाटच्या कापसावर तुटून पडल्या. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, ती काही आपल्या मेथीसाठी नाही गेली. जे दुसऱ्याले पायजे ते आपण पिकवलं, अन् भाव त्यानं ठरवला. वर्ध्याच्या शेतकऱ्याचं काय झालं ते मी तुले सांगायचं का?

भाची : कापूस एकरांनी लावला, मामा. मी वाफे म्हणते आहे. आणि सोयाबीनचं काय? तो आपल्या आजोबांनी पाहिला होता का? आज अर्ध्या तालुक्यात तोच आहे.

मामा : त्याचे हाल पाहून राहिली ना?

भाची : पाहते. पण वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ साली सोयाबीनचा प्रयोग केला होता. स्वयंपाकघरात शिजवून आश्रमातल्या लोकांना खायला घातला आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. परदेशी दाणा म्हणून हाकलून नाही दिला.

मामा : हाव. पण कशासाठी? गरिबाले स्वस्तात सत्त्व भेटते का, हे पाहायसाठी. त्याच सालात त्यायनं पाल्यावरबी लिहिलं. शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. लोकं जे फेकतात ते धुऊन कच्चं खा म्हणे. तुहा गड्डा कोणत्या गरिबासाठी आहे?

भाची : गरीब खाणाऱ्यासाठी नाही, गरीब पिकवणाऱ्यासाठी आहे.

या उत्तरावर मी मनात तिला दाद दिली. मगनवाडी हा दोघांच्या वादातला चोरखिळा आहे. दोघंही तो आपापल्या बाजूने फिरवतात. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडी त्याचं ठाणं झाली आणि जे. सी. कुमारप्पा तिथून काम पाहू लागले. कुमारप्पांच्या ‘संतुलित शेती’च्या कल्पनेत परिसराला लागणारं धान्य, डाळ, तेल, भाजी, फळं आणि कापूस यांना आधी जमीन मिळते, बाहेरच्या बाजाराचा विचार त्यानंतर येतो. त्या हिशेबाने मामा जिंकतात. पण कुमारप्पांच्या आराखड्यात शेतकऱ्यापुढे जीएसटी भरलेलं ठिबक, मुलांच्या शिकवणीची फी आणि दवाखान्याचं बिल नव्हतं. मामांना हे सांगितलं तर ते पवनारला जातात.

मामा : विनोबांनी पवनारले कांचनमुक्ती केली. पैशाले हात न लावता भाजी पिकवली. स्वतः रहाट ओढला, बैलबी नाही लावला.

भाची : ते ब्रह्मचारी होते, मामा. त्यांना तुमच्यासारखं भाचीचं लग्न नव्हतं करायचं.

मामा : तू तर करूच देत नाही.

(हा विषय इथे थांबवण्यात सगळ्यांचं भलं होतं.)

बाजाराबद्दल दोघांचं फार जुळलं नाही आणि मला त्यात फार बोलण्यासारखं वाटत नाही. भाचीचं म्हणणं असं की नागपूर इथून तास-दीड तासावर आहे. समृद्धी महामार्गाने पहाटे निघालेला माल दुपारपर्यंत नाशिक गाठतो, आणि नीट थंड ठेवला तर रॅडिकिओचा गड्डा कोथिंबिरीसारखा दुपारी मान टाकत नाही, आठवडे टिकतो. हे सगळं खरं आहे. मामांचं म्हणणं असं की हॉटेलचा माणूस एका फोनवर ऑर्डर रद्द करतो, आणि मग तो माल घेऊन सेलूच्या आठवडी बाजारात बसायचं कुणी? हेही खरं आहे. घेणारा आधी ठरवून, तोंडी नव्हे लेखी ठरवून, मगच बी पेरावं, एवढंच मी म्हणेन. फोनवरच्या शब्दावर पुणे-नाशिककडच्या विदेशी भाजी पिकवणाऱ्यांनीही लेट्यूस नांगरून टाकलं आहे.

बियाण्यावर मात्र मामांनी तिला पकडलं.

मामा : बी दरसाल इकत घ्यायचं?

भाची : हो. बाहेरून येतं.

मामा : घरी नाही धरता येत?

भाची : अवघड आहे. झाडाला आधी थंडी, मग लांब दिवस मिळाले की फुलतं. आपल्याकडे ते फुलायच्या वेळेला मार्च-एप्रिल येतो. शिवाय एकटं झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. पुष्कळ झाडं जवळ ठेवावी लागतात. संकरित जातीचं बी धरलं तरी पुढच्या साली गड्डे एकसारखे येत नाहीत.

मामा : म्हणजे बीटी कापसावाणीच. पाकिटाची वाट पाहायची. अंबाडीचं बी माह्या आजीपासून आहे आपल्याकडं.

भाची : मान्य.

मामा : पाय, हे तू मान्य केलं. आता मले एक सांग, कडूच खायचं आहे तर त्या लोकायले पाथरी काऊन नाही देत? वावरात पायी तुडवून राहिलो आपण. लाल नाही, एवढंच.

मामांनी हे टोमणा म्हणून टाकलं होतं. पण भाची सरसावून बसली. पाथरी ही वर्ध्याच्या कुठल्याही ओलिताच्या वावरात, धुऱ्यावर, कालव्याच्या काठाला जमिनीलगत पसरणारी रानभाजी. दातेरी पानं, पिवळी फुलं, पान तोडलं की पांढरा चीक. चिरून, धुऊन, हिरवी मिरची आणि मुगाची डाळ घालून करतात. काही घरांत कच्चीच तिखट-मीठ-तेल लावून भाकरीबरोबर खातात.

भाची : मामा, पाथरी आणि रॅडिकिओ एकाच गोतातले आहेत. दोघांचं कूळ सूर्यफुलाचं, आणि त्यातही चीक असलेली जी पोटशाखा आहे ती चिकोरीच्या नावानेच ओळखतात. लेट्यूसही तिथलंच. कडूपणा त्या चिकातला. तुमची करडईसुद्धा त्याच मोठ्या कुळातली, फक्त शाखा वेगळी.

मामा : म्हणजे तुही इटलीवाली आपल्या घरचीच निघाली.

भाची : लांबची पाहुणी. पण घरच्या बाईला तुम्ही कधी वाफा दिला का? पाणी दिलं? निवड केली? इटलीतल्या लोकांनी रस्त्याकडेला उगवणाऱ्या कडू झुडपातून शेकडो वर्षं निवड करत करत हे गड्डे काढले. त्यांची पाथरीच होती ती. आपण आपली निंदून फेकली.

इथे मामा थोडे नरमले. आणि इथेच मला या वादातलं खरं सार दिसलं, जे दोघांपैकी कुणीच त्या शब्दांत म्हटलं नाही. वर्ध्याच्या हवेत एक भाजी बारा महिने काढण्याचा प्रयत्न हवेशी भांडण आहे आणि त्यात हार ठरलेली. पण इथे प्रत्येक महिन्याला एक पान आहे. त्या रांगेत हिवाळ्याच्या जागेवर एक परकं पान येऊन बसलं तर रांग मोडत नाही. अडचण वेगळीच आहे. त्या रांगेतल्या बहुतेक पानांना आपण भाजी म्हणून जमीन, पाणी आणि भाव दिलेलाच नाही. रॅडिकिओला ते तिन्ही द्यायला भाची तयार आहे. पाथरीला द्यायला मामाही तयार नव्हते, आणि घरच्या पाल्याची बाजू तर तेच लढवत होते. मला विचाराल तर वर्ध्याच्या कृषी पदवीधरांनी इटलीचं बियाणं जरूर मागवावं, पण इटलीची निवड करण्याची चिकाटीही मागवावी. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात पाथरीचा एक वाफा, मोठ्या पानाची आणि कमी चिकाची झाडं निवडत दहा वर्षं चालवलेला, याची कल्पना मला रॅडिकिओच्या शेडनेटपेक्षा जास्त मोहवते. भाचीने मात्र हे ऐकून सांगितलं की दहा वर्षं थांबायला तिच्याकडे पगार नाही. तेही बरोबर आहे.

मामा : बरं, उरलेल्या गड्ड्यायचं काय करायचं ते सांग. दहा गेले अन् तीस राहिले तर?

भाची : चिरून थंड पाण्यात ठेवायचे, कडूपणा उतरतो. तव्यावर तेलात परतूनही छान लागतात.

मामा : बेसन लावून झुणका?

भाची : होईल. पण शिजवला की लाल रंग जातो. तपकिरी दिसेल.

मामा : म्हणजे एवढ्या थंडीची वाट पाहून लाल केला, अन् कढईत टाकला का करडईच्या भाजीवाणी दिसते.

भाची : हो.

मामा : मंग हरकत नाही. खपंन घरात. चार वाफे लाव. बियाण्याचे पैसे तुहे, पाणी माह्यं. घेणाऱ्याचा कागद मले आधी दाखवायचा. धुऱ्यावर करडई मी पेरतो.

भाची : सहा वाफे. आणि एक पाथरीचा.

मामा : पाथरीचा वाफा पाहून गाव हसंन, वं. लोकं म्हणतील हा निंदण विसरला.

भाची : हसू द्या. बी कुठून आणायचं ते सांगा.

मामा : बी कोण ठेवते तिचं? फुल सुकलं का म्हातारी होऊन वाऱ्यावर उडून जाते. पिकायच्या आधी फुलावर कापडाची पिशवी बांधावी लागंन. तेबी सकाळीच, ऊन चढलं का उडालीच समज.

भाची : म्हणजे पाथरी पुढच्या साली.

मामा : पुढच्या साली. यंदा पाच वाफे, अन् सहाव्याचं नाव काढायचं नाही.